पंचेचाळीस ग्रॅमचा जीव आणि हजार किलोमीटरचे घर

ऑस्ट्रेलिया म्हटले की डोळ्यांसमोर कांगारू उभा राहतो आणि त्याच्यामागे झाडाला मिठी मारून झोपलेला कोआला. पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढवणाऱ्या प्राण्यांचा हा देश, एवढे आपली शाळकरी मुलेही सांगतील. परंतु त्याच गोतावळ्यात मुठीत मावेल असा एक प्राणी आहे. तो दिवसा दिसत नाही. हिवाळ्यात तर बर्फाखाली कित्येक महिने झोपून असतो. बहुतेक ऑस्ट्रेलियन माणसांनीही त्याला कधी प्रत्यक्ष पाहिलेले नाही. इंग्रजीत त्याला माउंटन पिग्मी पॉसम म्हणतात. मराठीत त्याला नाव नाही आणि असण्याचे कारणही नाही. या लेखापुरते आपण त्याला डोंगरी पॉसम म्हणू.

काही वाचक विचारतील की ऊस, महागाई, मुलांच्या नोकऱ्या असे विषय पडलेले असताना हा परदेशातला उंदीर कशाला? प्रश्न रास्त आहे. प्रथम एवढेच सांगतो की तो उंदीर नाही. दुसरे असे की आज आपल्यातल्या बहुतेक घरांतले कोणी ना कोणी मेलबर्नला, सिडनीला किंवा पर्थला जाऊन राहिले आहे. कोणाचा मामा, कोणाची मावशी, कोणाचा धाकटा मुलगा. त्यांच्या अंगणातल्या दिव्याचा आणि या प्राण्याच्या पोटाचा संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईलच. तिसरे आणि माझ्या दृष्टीने मुख्य कारण असे की हा प्राणी आपल्यासारखाच बेटावर राहतो. त्याच्या बेटाभोवती समुद्राऐवजी सखल, उष्ण जमीन आहे, इतकाच फरक.

त्याच्या शोधाची हकीगत मोठी गमतीची आहे. १८९५ साली रॉबर्ट ब्रूम या डॉक्टराला न्यू साउथ वेल्समधल्या वोम्बियन गुहांजवळ काही बारीक हाडे आणि जबड्याचे तुकडे सापडले. दातांची ठेवण विलक्षण होती. ब्रूमने त्यावरून एका नव्या प्राण्याचे वर्णन लिहिले, त्याला बुरामिस पार्व्हस असे शास्त्रीय नाव दिले, आणि हा जीव केव्हाच नामशेष झाला असणार असे सर्वांनी गृहीत धरले. सत्तर वर्षे तो पुस्तकातच राहिला. मग १९६६ च्या ऑगस्ट महिन्यात, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यात, व्हिक्टोरिया राज्यातल्या माउंट हॉथम या बर्फाळ डोंगरावर स्की खेळणाऱ्यांच्या एका निवासात तो जिवंत सापडला. डॉक्टर केनेथ शॉर्टमन यांनी त्याला पकडले आणि जाणकारांकडे पोहोचवले. ज्याचे श्राद्ध उरकून टाकले होते, तो स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात शेपटी गुंडाळून बसलेला!

वजन म्हणाल तर सुमारे ४५ ग्रॅम. झोपेची तयारी म्हणून चरबी साठवली की ते वाढते. अंग चार-साडेचार इंच, शेपटी त्याहून लांब आणि फांदीला पकड घेणारी. पिशवीत चार स्तन, म्हणून साधारण चारच पिल्ले जगतात. मादी मात्र दीर्घायुषी. दहा-बारा वर्षे जगलेल्या माद्यांची नोंद आहे. एवढ्याशा देहाला एवढे आयुष्य विरळाच. उंदराला हे भाग्य नाही, तो दीड-दोन वर्षांत आटोपतो. हिवाळ्यात पॉसम गोळा होऊन झोपतो तेव्हा त्याच्या अंगाची ऊब जवळजवळ शून्याला टेकते, दोनेक अंशांवर येते. दोन-तीन आठवड्यांनी तो थोडा जागा होतो, काही वेळाने पुन्हा झोपतो. घराजवळ बिया साठवून ठेवण्याचीही त्याला सवय आहे.

आता त्याचे घर. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यात एक पर्वतरांग आहे, तिला ऑस्ट्रेलियन आल्प्स म्हणतात. देशातला सर्वांत उंच डोंगर, २,२२८ मीटरचा माउंट कोसियुस्को, तिथेच. या रांगेत उंचावर प्रचंड धोंड्यांचे ढीग पसरलेले आहेत. धोंड्यांच्या फटी खोलवर जातात आणि त्यांवर प्लम पाइन नावाचे बुटके, जमिनीलगत पसरणारे झाड वाढते. त्याच्या बिया पॉसम खातो. हिवाळ्यात वर मीटरभर बर्फ पडले की ते गोधडीचे काम करते. बाहेर कितीही गोठवणारी थंडी असो, धोंड्यांच्या पोटात तापमान शून्याच्या जरा वरच राहते. बर्फ कमी पडले की जमीन उलट जास्त गारठते आणि झोपलेला पॉसम वारंवार जागा होऊन आपली चरबी जाळतो. बर्फ नसल्यामुळे थंडीने मरण्याची पाळी यावी, हे आपल्या उष्ण बेटावरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल. पण गोधडी ओढून घेतल्यावर काय होते, ते कोकणातल्या पौष महिन्याच्या गोष्टी आजीकडून ऐकलेल्यांना समजेल.

अशी जागा साऱ्या खंडात फार थोडी आहे. वस्ती तीन तुटक ठिकाणी: न्यू साउथ वेल्समध्ये कोसियुस्को भागात, व्हिक्टोरियात बोगाँग पठार व हॉथम भागात, आणि १,८०५ मीटर उंच माउंट बुलरवर. तिन्ही मिळून प्रौढ प्राणी २,००० च्या आसपास किंवा त्याहून कमी असावेत असा अंदाज आहे. एका वस्तीतला पॉसम दुसऱ्या वस्तीत जाऊ शकत नाही, कारण मधल्या दऱ्या त्याच्या दृष्टीने महासागर आहेत. हवा तापली की डोंगरावरचे जीव वर सरकतात. जो आधीच माथ्यावर बसला आहे त्याने कुठे सरकायचे? बेटावरच्या माणसाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

माणसाने या जागेत प्रथम आणले स्की-केंद्र. बर्फावरून घसरण्यासाठी जे उतार उत्तम, तेच पॉसमच्या वस्तीचे. उतार साफ करताना धोंडे हलवले गेले, रस्ते झाले, मांजरे आली, कोल्हे आले. हॉथमवर तर गंमतच झाली. माद्या वरच्या, अन्नाने समृद्ध जागांवर हक्काने राहतात आणि नर विणीचा हंगाम संपला की खालच्या उतारावर निघून जातात. रस्त्याने ही वाट मध्येच कापली. नर खाली जाईनात, वरच अडकून पडले, गर्दी झाली, माद्यांच्या आणि पिल्लांच्या तोंडचे अन्न सरू लागले आणि हिवाळ्यात माद्या मरू लागल्या. तेव्हा १९८५ च्या सुमारास रस्त्याखालून धोंड्यांनी भरलेला बोगदा करून दिला गेला. पॉसम लागलीच त्यातून ये-जा करू लागले आणि वस्तीचे गणित सुधारले. या प्रयोगाचे निष्कर्ष इयान मॅन्सर्ग आणि डेव्हिड स्कॉट्स यांनी १९८९ साली प्रसिद्ध केले. लोकांनी बोगद्याला प्रेमाचा बोगदा असे नाव ठेवले आणि वर्तमानपत्रांना बातमी मिळाली.

बोगदा चांगला होता, यात शंका नाही. पण अशा यशाने माणूस फसतो. आपल्याला वाटू लागते की प्राण्याचे घर म्हणजे तो राहतो ती जागा. तेवढ्याला कुंपण घालावे, फलक लावावा, रस्त्याखाली बोगदा करावा, म्हणजे काम झाले. डोंगरी पॉसमने ही समजूत खोटी ठरवली आहे, आणि म्हणूनच मी त्याच्याविषयी लिहीत आहे. त्याचे खरे घर डोंगरावर संपत नाही. ते तिथून हजार किलोमीटरपर्यंत पसरलेले आहे आणि त्यातला मोठा भाग हवेत आहे.

ते असे. वसंतात, म्हणजे तिकडच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात, बर्फ वितळते आणि उपाशी, रोडावलेला पॉसम बाहेर येतो. त्याच सुमारास दक्षिण क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्सच्या काळ्या मातीच्या मैदानांतून बोगाँग नावाचे तपकिरी पतंग उडतात. हे पतंग रात्री प्रवास करतात, काही तर हजार किलोमीटरपर्यंत, आणि ज्या डोंगरावर पूर्वी कधी गेले नाहीत त्याच डोंगराच्या गार गुहांत आणि धोंड्यांच्या फटींत येऊन उतरतात. उन्हाळा तिथे झोपून काढायचा आणि शरद ऋतूत परत मैदानात जाऊन अंडी घालून मरायचे, हा त्यांचा जीवनक्रम. गुहेच्या भिंतीवर ते कौलांसारखे एकावर एक चिकटून बसतात, एका चौरस मीटरवर सुमारे १७,००० पतंग! प्रत्येकाच्या पोटात चरबी गच्च भरलेली. पॉसमच्या माद्या नेमक्या याच काळात पिल्ले पाजतात. निसर्गाने दारात आणून ठेवलेला डोहाळेजेवणाचा थाटच म्हणा.

माणसांनाही हा थाट माहीत होता. तिथले मूळ रहिवासी हजारो वर्षे उन्हाळ्यात डोंगरावर जमत, पतंग भाजून खात, लग्ने ठरवत, तंटे मिटवत. व्हिक्टोरियातल्या क्लॉग्ज गुहेत सापडलेल्या सुमारे २,००० वर्षांपूर्वीच्या एका वाटण्याच्या दगडावर या पतंगांचे अवशेष मिळाले आहेत. आपला पाटा-वरवंटा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, तसाच तोही चालला असेल.

आणि या पतंगांना वाट कोण दाखवतो? २०१८ साली स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले एरिक वॉरंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की पतंगाला पृथ्वीचे चुंबकत्व जाणवते. २०२५ साली त्यांनी पुढचा पुरावा प्रसिद्ध केला की तो ताऱ्यांवरूनही दिशा ओळखतो. बोटाच्या पेराएवढा किडा, मेंदू तांदळाच्या कणीहून लहान, आणि त्याला आकाशगंगेकडे पाहून आपल्या आजोबांची गुहा सापडते. आजोबा तर त्याने पाहिलेलेही नसतात. आपले पूर्वज कोकणातून गलबताने मुंबईला आणि तिथून जहाजाने या बेटावर आले तेव्हा त्यांच्याबरोबर निदान कप्तान होता.

२०१७ च्या वसंतात पतंग आले नाहीत. आले ते हातावर मोजण्याइतके. ज्या गुहांच्या भिंती झाकून जात त्या उघड्या पडल्या. पुढच्या वर्षीही तीच स्थिती. जाणकारांच्या हिशेबाप्रमाणे संख्येत ९९ टक्क्यांहून जास्त घट झाली होती. व्हिक्टोरियात तपासणीसाठी पकडलेल्या पॉसमच्या अनेक माद्यांच्या पिशव्यांतली पिल्ले मेलेली आढळली. आई उपाशी, दूध नाही, म्हणून पिल्ले गेली. त्या डोंगरावरचा एकही धोंडा हलला नव्हता, एकही झाड तुटले नव्हते. राखीव क्षेत्राची हद्द जागच्या जागी होती. पतंगांची संख्या पुढे काहीशी सावरली, परंतु पूर्वीसारखी नाही. डिसेंबर २०२१ मध्ये बोगाँग पतंगाचे नाव जागतिक लाल यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदले गेले. पॉसमचे नाव तर त्या यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून आधीपासूनच होते.

कारण काय? येथे मला सावधपणे लिहायला हवे, कारण अशा वेळी एखाद्याला आरोपी करून मोकळे होण्याची घाई असते. मुख्य कारण त्या वर्षांतला भीषण दुष्काळ, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. २०१७ पासून २०१९ पर्यंत मरे-डार्लिंगच्या खोऱ्यात पाऊस रुसला. काळ्या मातीत हिरवा पाला उगवलाच नाही, तर अळ्या खाणार काय? त्याखेरीज शेतीची बदललेली पद्धत, कीटकनाशके आणि शहरांचे दिवे ही कारणेही सांगितली जातात. शेतकऱ्याच्या बाजूनेही एक शब्द बोलला पाहिजे. या पतंगाची अळी रात्री जमिनीतून वर येऊन कोवळी रोपे बुडाशी कुरतडते. गव्हाच्या शेतकऱ्याला ती कीड आहे. आपल्यातल्या ज्यांनी स्वतःच्या मळ्यात अळीने खाल्लेले पीक पाहिले आहे, ते त्या शेतकऱ्याला उगाच नावे ठेवणार नाहीत. जो जीव एका ठिकाणी कीड, तोच हजार किलोमीटरवर दुसऱ्याचे अन्न. असा कायदा कोणी करू शकत नाही की अळीने शेतात मरावे आणि पतंगाने डोंगरावर पोहोचावे.

दिव्यांचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा पतंगांच्या वाटेतच येते. डोंगरावर बांधलेले तिथले नवे संसद-भवन १९८८ साली उघडले तेव्हा त्याच्या झगमगाटावर पतंगांचे थवे उतरले होते. सिडनीत २००० साली ऑलिंपिकच्या समारोपात गायिका इव्हॉन केनी गात असताना एक बोगाँग पतंग येऊन त्यांच्या पोशाखावर बसला आणि सगळ्या जगाने तो दूरचित्रवाणीवर पाहिला. लोक हसले. त्या पतंगाचे गाणे मात्र तिथेच संपले असेल, कारण जो दिव्याभोवती फिरत बसला तो डोंगरावर पोहोचत नाही. म्हणून व्हिक्टोरियातल्या प्राणिसंग्रहालयांनी २०१९ पासून लोकांना विनंती सुरू केली की सप्टेंबर-ऑक्टोबरात अंगणातले अनावश्यक दिवे बंद ठेवा.

आपल्या शेजारच्या रियुनियनमध्ये असाच प्रकार घडतो. तिथल्या उंच डोंगरात घरटी करणाऱ्या बारो पेट्रेल या समुद्रपक्ष्याची पिल्ले एप्रिलमध्ये पहिल्यांदा समुद्राकडे झेप घेतात आणि गावांच्या दिव्यांना भुलून रस्त्यावर पडतात. त्या दिवसांत तिथल्या नगरपालिका दिवे मंद करतात किंवा विझवतात, आणि लोक पडलेली पिल्ले उचलून आणून देतात. त्यामुळे रियुनियन काही अंधारात बुडाले नाही.

आता उपायांविषयी मतभेद आहेत आणि ते आपण समजून घेतले पाहिजेत. एक पक्ष म्हणतो, खाऊ घाला. मेलबर्नच्या तज्ज्ञांनी पतंगांतल्या पोषणाशी मिळतीजुळती एक बिस्किटे तयार केली. त्यांत सुके फळ-बी, तेल आणि अळ्यांचे पीठ असा मसाला असतो. २०१९-२० च्या वणव्यांत कोसियुस्कोच्या उत्तर भागातली वस्ती होरपळली, झुडपे जळून गेली, तेव्हा वनरक्षकांनी धोंड्यांमध्ये ही बिस्किटे आणि पाणी ठेवले. संकटात अन्नछत्र उघडावेच लागते. त्याला नाके मुरडणाऱ्यांशी माझे जमत नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, नवे रक्त द्या. माउंट बुलरच्या वस्तीची कथा या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. ती वस्ती १९९६ साली सापडली तेव्हा तिथे सुमारे ३०० प्राणी असावेत. दहा वर्षांत तीसेक उरले. जागा गेली होती आणि उरलेले सगळे एकमेकांचे जवळचे नातलग झाले होते. सगोत्र विवाहाचे धोके आपल्या वाडवडिलांना विज्ञानाशिवाय ठाऊक होते! मग २०१० नंतर हॉथमचे काही नर बुलरवर नेऊन सोडले. दोन्ही वस्त्या हजारो वर्षांपूर्वी तुटलेल्या, तरी सोयरीक जमली. संकरित पिल्ले धडधाकट निघाली आणि काही वर्षांत वस्ती २०० च्या वर गेली. डोंगराच्या पायथ्याशी कोल्हे-मांजरांचा बंदोबस्त आणि धोंड्यांची दुरुस्तीही बरोबर चालली होती, हे विसरता येणार नाही.

तिसरा पक्ष सर्वांत धाडसी. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातले मायकेल आर्चर म्हणतात की पॉसमला डोंगरावरून खाली आणा. त्यांचा आधार जीवाश्मांचा आहे. क्वीन्सलंडमध्ये रिव्हर्सली येथे या प्राण्याच्या पूर्वजांचे सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचे अवशेष मिळतात, आणि ते बर्फात राहत नव्हते. सखल, ओल्या रानात राहत होते. म्हणजे आपण ज्याला पॉसमचे नैसर्गिक घर म्हणतो ते कदाचित त्याचे आश्रयस्थान असेल. हवामान कोरडे होत गेले तशी रानाची हद्द मागे हटली आणि हा जीव डोंगरावर अडकला. या विचाराने सिडनीच्या पश्चिमेला लिथगोजवळच्या एका खासगी अभयारण्यात सखल हवेत त्यांची पैदास करण्याचा प्रयोग सुरू झाला आहे.

या तिसऱ्या मतावर मी पुष्कळ विचार केला. प्रथमदर्शनी ते आपल्यासारख्यांना पटेल असे आहे. आपले घर कोणते, जिथून पणजोबा निघाले ते की जिथे आपण रुजलो ते? रत्नागिरीची माती आपण पूजेच्या वेळी आठवतो, पण आपली मुळे ब्लॅक रिव्हरच्या, वाक्वाच्या मातीत आहेत. तेव्हा एखादा जीव दुसरीकडे नेला तर तो तिथला होणार नाही, असे आपण कोणत्या तोंडाने म्हणायचे? प्रयोग व्हावा. चार ठिकाणी बी असले की एका ठिकाणचे पीक बुडाल्यावर गाव उपाशी मरत नाही.

परंतु एक भीती मला सोडत नाही. खाली नेण्याची सोय झाली की वरचे घर मोडायला मोकळीक मिळते. एखादा मंत्री म्हणेल, पॉसम सुरक्षित आहे, लिथगोला आहे, आता स्कीचा उतार रुंद करायला हरकत काय? बिस्किटांचेही तसेच. पतंग येत नाहीत तर बिस्किटे आहेतच की! हवा तापवणारा धूर कमी करणे कठीण आणि महाग असते, बिस्किट भाजणे सोपे. सोपे काम कठीण कामाच्या जागी बसवायचे नाही, एवढी अट घालून मी तिन्ही पक्षांना पाठिंबा देईन. अट कोण पाळतो ते पाहायला मात्र डोळ्यांत तेल घालून बसावे लागेल, आणि ते काम शास्त्रज्ञांचे नसून मतदारांचे आहे. ऑस्ट्रेलियातल्या आपल्या नातलगांपैकी अनेकांना तिथे मताचा अधिकार आहे.

चौथाही एक पक्ष आहे, त्याला मी पक्ष मानत नाही. तो म्हणतो, जे टिकत नाही ते जाऊ द्यावे, दोन हजार उंदीर गेले तर कोणाचे काय बिघडले? त्याला आपल्या बेटाने उत्तर देऊन ठेवले आहे. डोडो आपल्याकडे होता आणि सतराव्या शतकात गेला. आज त्याचे चित्र टपाल तिकिटावर, सरकारी मुद्रेवर आणि पर्यटकांच्या सदऱ्यावर आहे, बाकी कुठे नाही. उलट ब्लॅक रिव्हरच्या घळींतला आपला ससाणा, मॉरिशस केस्ट्रेल, १९७४ साली मोजून चार शिल्लक असल्याचे ठाऊक होते. चार! जगातला सर्वांत दुर्मीळ पक्षी म्हणून त्याचे नाव झाले आणि शहाणी माणसे म्हणू लागली की त्याच्यावर पैसा घालवू नका. १९७९ साली कार्ल जोन्स आले. त्यांनी अंडी उबवली, पिल्ले हाताने भरवली, रानात पेट्या टांगल्या, आणि ती जात शेकड्यांवर नेली. चारांतून वंश उभा राहतो, हे या बेटावर सिद्ध झालेले आहे. मात्र पुढची गोष्टही सांगितली पाहिजे. ससाण्याची वाढ नंतर खुंटली आणि २०१४ साली त्याला पुन्हा संकटग्रस्तांच्या यादीत घालावे लागले, कारण पिल्ले वाढवता आली तरी त्यांना लागेल तेवढे चांगले रान बेटावर उरलेले नाही. बिस्किटांचा प्रश्न आणि ससाण्याच्या पेट्यांचा प्रश्न एकच आहे.

आणि मूळचा सस्तन प्राणी म्हणाल तर आपल्या बेटावर वटवाघळांशिवाय दुसरा नाही. त्यांतले मोठे, फळे खाणारे, तेही रात्रीचेच जीव. लिचीच्या हंगामात त्याला शिव्या घालायच्या आणि २०१५ पासून झाली तशी त्याची सरकारी कत्तल होताना गप्प बसायचे, असे आपल्यापैकी अनेकांनी केले. झाडाला जाळी लावायला पैसे लागतात, हे मान्य. बागायतदाराचे नुकसान खरे, हेही मान्य. तरीपण रानातल्या किती झाडांच्या बिया तो रात्री वाहून नेतो, याचा हिशेब लिचीच्या टोपलीत दिसत नाही. ऑस्ट्रेलियातल्या गव्हाच्या शेतकऱ्यालाही डोंगरावरचा पॉसम दिसत नाही.

असो. मेलबर्नच्या नातलगांना पुढचा फोन कराल तेव्हा दोन गोष्टी विचारून पाहा. सप्टेंबर-ऑक्टोबरात त्यांच्या घराबाहेरचा दिवा रात्रभर का जळतो? चोरांच्या भीतीने असेल तर माणूस जवळ आल्यावर लागणारा दिवा बाजारात मिळतो, पडदे ओढता येतात, पांढऱ्याऐवजी पिवळसर बल्ब लावता येतो. आणि खिडकीच्या काचेवर गडद तपकिरी पतंग बसलेला दिसला, पंखावर बाणासारखी काळपट रेघ आणि तिच्याजवळ दोन फिकट ठिपके असले, तर त्याला झाडूने झटकू नये. मॉथ ट्रॅकर नावाची नोंदवही प्राणिसंग्रहालयाने संगणकावर उघडली आहे. पतंगाचे छायाचित्र, गावाचे नाव आणि तारीख तिथे पाठवता येते. अशा नोंदींवरूनच त्या वर्षी थवे कुठवर पोहोचले ते जाणकारांना कळते. छायाचित्र घेऊन झाले की घरातला दिवा मालवावा, खिडकी उघडावी. डोंगर कोणत्या दिशेला आहे ते त्या पतंगाला माहीत असते.